नाका, हुंडेकरी आणि पाकीट : संग्राह्य टपाल-तिकिटांच्या लहान व्यापारावरील जकातीचा इतिहास

पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यात आयातशुल्काचा विषय निघाला की, बोलणे मोटारींचे सुटे भाग, पोलाद आणि यंत्रसामग्री ह्यांवर येऊन थांबते. ते साहजिकही आहे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ टक्के असे जादा शुल्क बसविले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने ह्याच मोठ्या उद्योगांच्या चिंतेने भरून गेले होते. २५ ऑगस्टपासून भारतीय टपालखात्याने अमेरिकेकडे जाणाऱ्या मालाची नोंदणी थांबविली, ही बातमी त्या मानाने कोपऱ्यात गेली. तिचा घाव ज्यांच्यावर बसला त्यांत घरातल्या एका टेबलावर बसून, संगणकाच्या साहाय्याने, परदेशी संग्राहकांस जुनी टपाल-तिकिटे विकणारे लहान विक्रेते होते. असे विक्रेते देशातील बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात आणि आपला पट्टाही त्यास अपवाद नाही. त्यांचा धंदा इतका लहान की, त्याची गणना कोणत्याही औद्योगिक अहवालात व्हावयाची नाही. परंतु जकातीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांची अडचण क्षुल्लक नाही. किंबहुना, जकात नावाच्या संस्थेचे स्वरूप मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा लहान व्यापाऱ्याच्या अनुभवातच अधिक स्पष्ट दिसते, असे मानण्यास जागा आहे. प्रस्तुत लेखात ह्याच बाजूने विषयाची मांडणी करावयाची आहे. लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे शब्दांपाशी थोडे अधिक रेंगाळणे घडेल, त्याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांनी क्षमा करावी.

‘जकात’ हा शब्द अरबीतून फारसीमार्फत मराठीत आला. मुळात तो इस्लाम धर्मातील एका कर्तव्याचा वाचक आहे. आपल्या संपत्तीचा ठरावीक अंश गरजूंसाठी बाजूला काढणे, हा त्याचा अर्थ. दख्खनी सुलतानांच्या कारभारात तो व्यापारी मालावरील कराचा वाचक झाला आणि मराठीत शिरला तो ह्या दुसऱ्या अर्थानेच. जे स्वतः होऊन द्यावयाचे, ते नाक्यावर अडवून घेतले जाऊ लागले. अर्थपरिवर्तनाचे इतके स्वच्छ उदाहरण विद्यार्थ्यांस दाखविण्यास मिळणे कठीण. संस्कृतातील ‘शुल्क’ हा शब्द मात्र पूर्वीपासूनच नाक्याशी निगडित होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय असून, ज्या मालावर ओळखीची मुद्रा नाही त्यास दुप्पट देणे पडावे, असा दंडक त्यात सांगितला आहे. मुद्रा आणि शुल्क ह्यांची ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे मुद्रा हाच विकाऊ माल झाला तेव्हा शुल्काची मोठी पंचाईत झाली. स्वातंत्र्योत्तर काळात राजभाषेच्या परिभाषेत ‘सीमाशुल्क’, ‘आयातशुल्क’ हे शब्द रूढ झाले. बोलण्यात मात्र ‘जकात’ टिकली. ती शहराच्या वेशीवरच्या नाक्याला चिकटून राहिली होती हे त्याचे कारण.

आपल्या प्रदेशाला नाक्याचा परिचय फार जुना आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेण्यातील लेख आहे आणि घाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. ह्या रांजणात व्यापारी जकात टाकीत असत, अशी लोकपरंपरा आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही, पण घाट म्हणजे जकात हे समीकरण लोकमानसात किती खोल रुजले होते, ह्याचा ती पुरावा आहेच. कोकणातून घाट चढून जुन्नरकडे आणि तेथून देशावर जाणाऱ्या मालाच्या वाटा चाकणच्या परिसराशी भिडतात. १६६० मध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या भुईकोटास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा ह्याने तो झुंजविला, ही गोष्ट शाळकरी मुलांसही ठाऊक असते. एवढ्या लहान किल्ल्यासाठी मोगलांनी एवढा खटाटोप का केला, ह्याचे उत्तर ह्या वाटांवरील त्याच्या स्थानात शोधावे लागते.

संरक्षक शुल्काची कल्पना युरोपियनांनी आपल्याला शिकविली, असा एक समज आहे. तो टिकणारा नाही. ७ डिसेंबर १६७१ रोजी शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव ह्यास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडच्या मिठाचा उठाव बसतो. म्हणून बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवावी की, ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे, असा त्या पत्राचा आशय आहे. आजच्या कोणत्याही अर्थमंत्र्याने हाच युक्तिवाद केला असता. चिंचवडचे एक उदाहरण ह्याहून निराळे आणि माझ्या मते अधिक बोधक आहे. चिंचवडच्या देवांस कोकणातील महालांतून ठरलेल्या जुन्या दराने जिन्नस खरेदी करण्याची सवलत होती. बाजारभाव वाढला तरी दर तोच राहिल्याने तिचा भार रयतेवर पडू लागला. महाराजांनी ती सवलत बंद केली आणि देवस्थानास लागणारे जिन्नस सरकारी कोठारातून पोचविण्याची व्यवस्था लावली. देवस्थानाचे उणे झाले नाही, पण सवलतीची किंमत कोणाच्या पदरातून जाते हा प्रश्न त्या निर्णयात प्रथम विचारला गेला. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने लहान टपालावरील माफी काढली, तेव्हा तिकडेही हाच प्रश्न वादात होता. उत्तर मात्र चिंचवडच्या देवाला मिळाले तसे लहान विक्रेत्याला मिळाले नाही.

पेशवाईत जकातीचे जाळे दाट झाले. माल जेथे भरला जाई तेथील ‘थळभरीत’ आणि जेथे विकला जाई तेथील ‘थळमोड’, ह्यांशिवाय वाटेवरचे नाके वेगळे. बऱ्याच ठिकाणी जकात इजाऱ्याने दिलेली असे, आणि तिचे तुकडे निरनिराळ्या हक्कदारांकडे वाटलेले असत. आकारणी पुष्कळदा ओझ्यावर होत असे. बैलाच्या पाठीवरचे रेशीम आणि त्याच पाठीवरचे धान्य ह्यांच्या दरात फरक असला, तरी ‘ओझे’ हे एकक पक्के होते. लहान व्यापाऱ्यास त्रास होई तो दराचा कमी आणि नाक्यांचा अधिक. प्रत्येक नाक्यावर थांबणे, मोट सोडून दाखविणे, जकातदाराची मर्जी सांभाळणे आणि पुन्हा बांधाबांध करणे ह्यांत दिवस मोडत. ज्याच्याजवळ शंभर बैल आहेत त्याचा एक दिवस शंभर ओझ्यांवर विभागला जाई. ज्याच्याजवळ एकच तट्टू आहे त्याचा सगळा दिवस त्या एका ओझ्यावर बसे.

ह्या गैरसोयीतून ‘हुंडेकरी’ हा वर्ग उभा राहिला. व्यापाऱ्याशी एकरकमी ठराव करावयाचा, आणि वाटेवरच्या सर्व नाक्यांची जकात आपण भरून माल मुक्कामी पोचता करावयाचा, हा हुंडेकऱ्याचा व्यवसाय होता. एल्फिन्स्टनच्या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्यांची नोंद घेतलेली आहे. हुंडेकऱ्याला प्रत्येक नाक्याचा दर, प्रत्येक जकातदाराचा स्वभाव आणि हिशेबाची प्रत्येक पळवाट ठाऊक असे. व्यापाऱ्याला त्यांपैकी काहीच ठाऊक असण्याची आवश्यकता उरत नसे. ‘हुंडा’ ह्या शब्दाचा ‘ठोक, एकत्र, सरसकट’ हा जुना अर्थ येथे दिसतो. विवाहातील हुंडा आपण आज एकाच निंद्य अर्थाने वापरतो, पण ठोक रकमेचा ठराव ही कल्पना दोन्ही ठिकाणी आहे. हा हुंडेकरी पुढे आपल्या विषयात पुन्हा भेटणार आहे.

इंग्रजी अमलात १८३८ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील अंतर्गत वाहतुकीवरील जकाती उठविण्यात आल्या आणि शुल्काची रेषा समुद्रकाठी गेली. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने ती व्यवस्था दीर्घकाळासाठी बांधून टाकली. तिची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. देशांतर्गत नाका मात्र नगरपालिकांच्या जकातीच्या रूपाने परत आला. पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत तर ह्या नाक्याने शहर घडविले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेचे १९८२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे कारखान्यांकडे येणाऱ्या मालावरील जकात. ती १ एप्रिल २०१३ रोजी गेली व स्थानिक संस्था कर आला. तोही ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांपुरता उठला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. ह्या बदलांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढे पुरे.

आता तिकिटांकडे वळू. मराठीत आपण ज्यास ‘टपाल-तिकीट’ म्हणतो त्या जोडशब्दाचे दोन्ही घटक बाहेरचे आहेत. ‘टपाल’ दक्षिणेकडून आला. ‘तिकीट’ इंग्रजीतून आला आणि इंग्रजीने तो फ्रेंचांकडून घेतला. आगगाडीचे आणि नाटकाचे तिकीट तसेच हेही. म्हणजे भाडे चुकते केल्याची खूण. पाकिटाचे भाडे भरले गेले, एवढेच तिकिटाने सांगावयाचे. मुक्कामी पोचताच त्याचे काम संपते. इंग्रजी शब्दात शिक्क्याची कल्पना आहे, मराठी शब्दात भाड्याची. म्हणून मराठी बोलणाऱ्यास वापरलेले तिकीट हे मूलतः संपलेल्या प्रवासाचे तिकीट वाटते, आणि तेच कोणी पैसे देऊन विकत घेतो ह्याचे त्यास पहिल्यांदा नवल वाटते.

आशियातील पहिले चिकटविण्याचे टपाल-तिकीट १ जुलै १८५२ रोजी निघाले, ते मुंबई इलाख्याच्या अमलाखालील सिंध प्रांतात. तेथील आयुक्त बार्टल फ्रिअर ह्याने अर्ध्या आण्याची ‘सिंध डाक’ तिकिटे काढली. त्यांतील लाल लाखेसारख्या पदार्थावरील प्रकार इतका ठिसूळ होता की, फारच थोडी तिकिटे टिकली. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे आली. ती प्रथम कलकत्त्यात छापली गेली आणि पुढे सुमारे सत्तर वर्षे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत राहिली. १९२५ मध्ये नाशिकचा सरकारी छापखाना सुरू झाला आणि तिकिटांची छपाई महाराष्ट्राच्या भूमीवर आली. संस्थानांचा मामला निराळा होता. पुणे जिल्ह्यातील भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली व १९०१ मध्ये पंतसचिवांचे चित्र असलेले तिकीट काढले. चिंचवडपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा गावची ही तिकिटे आज जगभरच्या संग्राहकांच्या वह्यांत विखुरलेली आहेत.

संग्राहकांचा व्यापार टपालाच्याच वाटेने वाढला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. भारत १८७६ मध्ये जागतिक टपाल संघात सामील झाला. सर्व सदस्य देश मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानावयाचे, हे त्या संघाचे मूळ सूत्र. हलका, चपटा, पाकिटात मावणारा आणि तरीही मूल्यवान असा दुसरा माल क्वचितच असेल. कलकत्त्यात १८९७ मध्ये भारतीय तिकीट-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. मुंबईत जाल कूपर ह्यांच्यासारखे व्यापारी-अभ्यासक पुढे नावारूपास आले. विक्रीची रीत साधी होती. विक्रेता तिकिटे चिकटविलेले कागद किंवा लहान वह्या टपालाने पाठवी. आवडतील ती ठेवून घ्यावीत, उरलेली पैशांसह परत करावीत, असा परस्परविश्वासाचा व्यवहार असे. बंद पाकीट हे नाक्याच्या नजरेतून निसटणारे ओझे होते. ते फोडून पाहण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नव्हता असे नव्हे. पण त्यातून जे हाती येईल त्यापेक्षा फोडण्याचा खर्च अधिक होता.

स्वातंत्र्यानंतर अडसर आला तो शुल्काचा कमी आणि परवान्याचा अधिक. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने आणि त्याच वर्षीच्या परकीय चलनविषयक कायद्याने परदेशी रक्कम पाठविणे हेच दुर्घट झाले. १९७३ चा कायदा त्याहून कडक होता. अशा स्थितीत पैशाऐवजी तिकिटाच्या मोबदल्यात तिकीट, ही जगातील संग्राहकांची जुनी रीत येथील हौशी मंडळींस सोयीची होती. १९५४ मध्ये पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६०च्या दशकात चिंचवडला स्वीडिश सहकार्याचा बेअरिंगांचा आणि पिंपरीस जर्मन सहकार्याचा पंपांचा कारखाना उभा राहिला. ह्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत स्वीडन व जर्मनीची तिकिटे लावलेली पाकिटे येत असणार, आणि त्यांवरील तिकिटांस वारस मिळत असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही. कचरापेटीत जाणारे तिकीट कापून घरी नेणारा कारकून हा कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील पहिला संग्राहक होय.

१९९५ नंतर महाजालावरील लिलावांनी ह्या व्यापाराचे रूप पालटले. ई-बे ह्या अमेरिकन बाजारपेठेची भारतीय शाखा ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, तरी तिच्या जागतिक बाजारात येथील विक्रेत्यांस माल मांडता येत असे. आता निगडीच्या विक्रेत्याला ओहायोचा गिऱ्हाईक थेट मिळू लागला. ह्या थेटपणाला आधार होता तो एका सवलतीचा, आणि तिचा इतिहास नीट पाहिला पाहिजे.

अमेरिकेच्या कायद्यात क्षुल्लक किमतीच्या मालास शुल्कमाफी देणारे कलम १९३८ मध्ये आले. त्यामागील विचार सरळ होता. जे शुल्क वसूल करण्यास शुल्काहून अधिक खर्च येतो, ते घेऊ नये. पेशवाईतल्या जकातदाराला हे कोणी सांगितले असते तर त्याने डोळे विस्फारले असते. ही मर्यादा पुढे वाढत गेली. १९९३ मध्ये ती २०० डॉलर झाली आणि २०१६ मध्ये ८०० डॉलर. संग्राह्य तिकिटांचे बहुसंख्य व्यवहार ह्या मर्यादेच्या कितीतरी खाली होते. पण हीच वाट चीनमधून येणाऱ्या स्वस्त कपड्यांनी व खेळण्यांनी धरली, पुड्यांची संख्या कल्पनेपलीकडे गेली, आणि क्षुल्लकांची बेरीज क्षुल्लक राहिली नाही. इतर देशांनीही आपापली दारे लोटून घेतली होतीच. ब्रिटनने १५ पौंडांपर्यंतची करमाफी १ जानेवारी २०२१ पासून काढली, युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतची १ जुलै २०२१ पासून. भारतानेही डिसेंबर २०१९ मध्ये टपालाने वा कुरिअरने ‘भेट’ म्हणून बिनशुल्क माल आणण्यास जीवरक्षक औषधे आणि राखी ह्यांखेरीज मनाई केली. राखीचा अपवाद वाचून हसू येते खरे, पण तो करणाऱ्या अधिकाऱ्यास आपला समाज ठाऊक होता एवढे निश्चित. अमेरिकेने चीनपुरती माफी मे २०२५ मध्ये आणि सर्व देशांपुरती २९ ऑगस्ट २०२५ पासून संपविली.

ह्या शेवटच्या आदेशातील एक तरतूद इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावी अशी आहे. टपालाने येणाऱ्या मालावर किमतीच्या प्रमाणात शुल्क घ्यावे, किंवा पहिले सहा महिने प्रत्येक पुड्यामागे ठरावीक रक्कम घ्यावी, असा पर्याय तीत ठेवला होता. ज्या देशांवरील जादा शुल्क २५ टक्क्यांहून अधिक, त्यांच्यासाठी ती रक्कम प्रत्येक पुड्यास २०० डॉलर होती. म्हणजे बैलाच्या ओझ्यावरची जकात पुन्हा अवतरली. १५ डॉलरच्या तिकिटांचे पाकीटही एक ओझे आणि ७०० डॉलरच्या दागिन्याची पेटीही एक ओझे! भारतीय टपालखात्याने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा किमतीच्या प्रमाणातील पर्याय स्वीकारला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. वस्तूनिहाय निरनिराळे दर न लावता घोषित किमतीच्या सरसकट ५० टक्के रक्कम नोंदणीच्या वेळीच पाठविणाऱ्याकडून घ्यावयाची, आणि ती मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे जमा करावयाची, अशी ही व्यवस्था होती. हा मध्यस्थ म्हणजे पेशवाईतला हुंडेकरीच नव्हे काय? नाक्याशी त्याने बोलावयाचे आणि व्यापाऱ्याने त्यास ठोक रक्कम द्यावयाची. फरक इतकाच की, जुना हुंडेकरी आपसांतील स्पर्धेमुळे भाव कमी करीत असे व जकातदाराशी घासाघीस करीत असे. नव्याला घासाघीस करण्याची मुभा नाही.

सरसकट आकारणीचा अर्थ हिशेबाने पाहू. समजा, आकुर्डीच्या एका विक्रेत्याने १,२०० रुपयांना काही तिकिटे विकली. गिऱ्हाइकाला टपालखर्चासह १,८०० रुपये पडतात असे धरू. ५० टक्के शुल्काचे ६०० रुपये त्यात मिळविले की, रक्कम २,४०० होते, म्हणजे मालाच्या किमतीच्या दुप्पट. संग्राहकाची गरज पोटाची नसते. तो घासाघीस करीत नाही, नुसता थांबतो. विक्रेत्याने ६०० रुपये स्वतः सोसावेत म्हटले तर १,२०० मधील त्याची मूळ खरेदीच बुडण्याची वेळ येते. मोठ्या कारखान्यास अशा वेळी मालाची रचना बदलणे, दुसऱ्या देशातून पाठविणे किंवा खरेदीदाराशी भार वाटून घेण्याचा करार करणे असे मार्ग असतात. भोरचे १८७९ चे तिकीट दुसऱ्या देशात बनविता येत नाही.

ह्या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे. जगातील बहुतेक देश १९८८ पासून मालाच्या वर्गीकरणाची एकच संकेतप्रणाली वापरतात. तिच्या ४९व्या प्रकरणात छापील वस्तू येतात आणि त्यांत ४९०७ ह्या शीर्षकाखाली चालू, न वापरलेली, दर्शनी किंमत असलेली टपाल-तिकिटे आहेत. ९७ वे प्रकरण कलाकृती, संग्राह्य वस्तू व पुराणवस्तूंचे. त्यात ९७०४ ह्या शीर्षकाखाली उरलेली सर्व टपाल-तिकिटे, प्रथमदिवस पाकिटे वगैरे आहेत. म्हणजे एकच कागद आज चलनासमान छापील वस्तू असतो आणि त्याच्यावर टपालाचा शिक्का बसला की तो संग्राह्य वस्तूंच्या पंगतीत जाऊन बसतो. वस्तूत बदल काहीच नाही. बदलला तो तिचा व्यवहार. पुढची अडचण अशी की, टपालखाते पाकिटात ‘दस्तऐवज’ आहे की ‘माल’, असे विचारते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रथम पत्रे व दस्तऐवज बंदीतून वगळले होते. काही दिवसांत तीही सवलत गेली. त्या थोड्या दिवसांत तिकिटांचे पाकीट हे पत्र की माल? विक्रेता म्हणणार, आत कागदच तर आहे. अधिकारी म्हणणार, त्याचे पैसे घेतलेस ना? ‘दस्त’ हा शब्द फारसीत हाताचा वाचक. ज्यावर कोणाचे हस्ताक्षर आहे, ज्याने काही सिद्ध होते, तो दस्तऐवज. जुन्या पाकिटावरचा भोरच्या टपालकचेरीचा शिक्का एका पत्राचा प्रवास सिद्ध करतो. इतिहासकाराच्या दृष्टीने तो दस्तऐवजच आहे. सीमाशुल्काच्या दृष्टीने तो माल आहे. दोघेही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा तंटा शब्दकोश उघडून मिटत नाही.

वर्गीकरणाचा असाच तंटा ह्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. चाकण येथे कारखाना असलेल्या फोक्सवॅगन समूहाच्या भारतीय कंपनीस सीमाशुल्क खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. मोटारींचे भाग सुटे म्हणून कमी दराने आणले गेले, प्रत्यक्षात ते जवळजवळ संपूर्ण मोटारींचे संच होते, असे खात्याचे म्हणणे; ते सुटे भागच होते असे कंपनीचे. कंपनीने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ह्यात कोणाचे बरोबर, ह्याचा निर्णय प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. पण एवढे दिसते की, ‘सुटा भाग’ म्हणजे काय ह्यावर युक्तिवाद करण्यास त्या कंपनीजवळ कायदेपंडित होते. ‘दस्तऐवज’ म्हणजे काय ह्यावर युक्तिवाद करण्यास तिकीट-विक्रेत्याजवळ टपालकचेरीतली खिडकी आहे, आणि त्याच्या मागे रांग उभी आहे.

उलट दिशेने पाहिले तर भारताची स्वतःची जकातही त्याच्या वाटेत आहे. इंग्लंडच्या लिलावात निघालेली भोरची तिकिटे चिंचवडला परत आणावयाची, तर त्यांच्यावर सीमाशुल्क, त्यावर अधिभार, आणि ह्या सगळ्यांसह होणाऱ्या रकमेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. बाहेर जाताना १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याचे भय. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूच्या निर्यातीवर तो निर्बंध घालतो, आणि जुनी पाकिटे त्या व्याख्येत ओढली जाऊ शकतात. देशांतर्गत व्यापारातही २०१७ च्या करकायद्याने राज्याची सीमा ओलांडणाऱ्या करपात्र विक्रीस, उलाढाल कितीही लहान असली तरी, नोंदणी आवश्यक केली. २०२३ च्या ऑक्टोबरपासून महाजालावरील बाजारात राज्यांतर्गत विकणाऱ्या लहान विक्रेत्यांस ती माफ झाली. परिणामी चिंचवडच्या माणसाने सोलापूरच्या संग्राहकास तिकीट विकणे सोपे आणि बेळगावच्या मराठी संग्राहकास विकणे अवघड, अशी विचित्र स्थिती उत्पन्न झाली. त्यातच २०२५ मध्ये देशांतर्गत नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. स्वस्त आणि पावतीचे नोंदणीकृत टपाल हाच ह्या व्यापाराचा खरा रस्ता होता. सरकारने निर्यातीसाठी २०२२ पासून टपालकचेऱ्यांतून निर्यात-केंद्रे उघडली व घोषणापत्रे संगणकावर भरण्याची सोय केली, हे नमूद करणे न्याय्य होईल. सोय खरी आहे. परंतु तिचा लाभ घेण्यास आयात-निर्यात क्रमांक, बँकेची कागदपत्रे आणि वस्तूचा संकेतांक ठाऊक असावा लागतो. म्हणजे हुंडेकऱ्याचे ज्ञान व्यापाऱ्यानेच मिळवावयाचे.

परदेशी जाणाऱ्या टपालावर जागतिक टपाल संघाने ठरविलेली एक हिरवी चिठ्ठी चिकटविलेली असते. तीत आतील वस्तूचे वर्णन, वजन व किंमत लिहावयाची असते. पूर्वी ह्या वर्णनात ‘संग्रहासाठी वापरलेली टपाल-तिकिटे’ इतके लिहिले की भागत असे. पुढे ती माहिती पाकिटाच्या आधी संगणकावरून पोचली पाहिजे, असा नियम झाला. युद्धकाळात टपालाच्या वाटा बंद पडल्या तेव्हा ‘सेवा स्थगित’ असा शिक्का मारून परत आलेली पाकिटे संग्राहकांनी जपून ठेवली आणि आज त्यांस चांगली किंमत येते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेचा पत्ता लिहिलेली आणि वाटेतून माघारी आलेली पाकिटे त्याच जातीची होत. त्यांतले एखादे उद्या कोणी परदेशी संग्राहकास विकले, तर त्याच्या चिठ्ठीवर ९७०४ हाच क्रमांक लिहावा लागेल.